वारा न्यू मेक्सिकोचा, वीज कॅलिफोर्नियाला, जमीन कुणाची?

प्रश्न : आमच्या साक्री तालुक्यात पवनचक्क्याही आहेत आणि मोठा सौर प्रकल्पही. त्यामुळे या विषयावर काही दिसलं की वाचतो. अमेरिकेतले सिनेटर मार्टिन हाइनरिक यांच्या कामाविषयी वाचताना स्वच्छ ऊर्जा, विज्ञान आणि आदिवासींचे प्रश्न हे तीन विषय शेजारी शेजारी दिसले. आपल्याकडे ही तीन वेगळी खाती आणि तीन वेगळे मंत्री. तिकडे एकाच माणसाच्या पदरात हे तिन्ही कसे आले? त्यांची मतं नेमकी काय आहेत? आणि हे विषय एकमेकांच्या आड येत नाहीत का?
एक वाचक, साक्री (जि. धुळे)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. आड येतात, चांगलेच येतात. पण तिथं पोचण्याआधी आधीचे प्रश्न ओळीने घेऊ.

तीन विषय एकाच पदरात कसे?

याचं निम्मं उत्तर हाइनरिक यांच्या राज्यात आहे. न्यू मेक्सिको क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं मोठं आहे, पण लोकवस्ती जेमतेम २१ लाखांची. ऊन भरपूर आणि पूर्वेकडच्या पठारांवर वारा सोसाट्याचा. जमिनीखाली तेल आणि वायू इतका, की तेल उत्पादनात अमेरिकेत टेक्सासनंतर याच राज्याचा नंबर. लॉस अलामोस आणि सँडिया या दोन अवाढव्य राष्ट्रीय प्रयोगशाळा इथेच आहेत. आणि केंद्राची मान्यता असलेली २३ आदिवासी राष्ट्रं इथे नांदतात : १९ पुएब्लो, तीन अपाची आणि नवाहो. इथून निवडून आलेल्या कुणालाही या तिन्हींपैकी एकही विषय टाळून चालत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर वॉशिंग्टनच्या कारभारात आहे. अमेरिकेत आदिवासी राष्ट्रांचे करार राज्यांशी झालेले नाहीत, थेट केंद्राशी झालेले आहेत. त्यांचं स्वतःचं सरकार असतं, न्यायालयं असतात, पोलीस असतात. त्यांच्याशी व्यवहार करणारं कार्यालय केंद्राच्या इंटीरियर खात्यात बसतं. गंमत पाहा : सरकारी जमिनीवर तेलाच्या विहिरींचे पट्टे हेच खातं देतं, पवनऊर्जेच्या वाहिनीला सरकारी रानातून वाट हेच खातं देतं, राष्ट्रीय उद्यानं हेच सांभाळतं आणि आदिवासींच्या हिताचं विश्वस्तपणही याच्याकडेच. एकाच इमारतीत एका मजल्यावर परवाना निघतो आणि दुसऱ्या मजल्यावर त्याच परवान्याविरुद्धची तक्रार दाखल होते. २०२१ ते २०२५ या काळात या खात्याच्या मंत्री डेब हालंड होत्या. त्या लगूना पुएब्लोच्या, न्यू मेक्सिकोतूनच निवडून आलेल्या आणि अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या मूलनिवासी मंत्री.

आता माणसाकडे येऊ. हाइनरिक यांचे वडील वीज कंपनीत लाइनमन होते, आई कारखान्यात कामाला. वाढले मिझुरी राज्यात. १९९५ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि न्यू मेक्सिकोत आले. काही काळ हवाई दलाच्या प्रयोगशाळेत काम केलं, पुढे आल्बुकर्कीचे नगरसेवक झाले. २००९ ते २०१३ प्रतिनिधिगृहात होते आणि २०१३ पासून सिनेटमध्ये आहेत. पक्ष डेमोक्रॅटिक. जानेवारी २०२५ पासून सिनेटच्या ऊर्जा समितीत ते अल्पमतातल्या पक्षाचे म्होरके आहेत. वकिलांनी भरलेल्या सभागृहात इंजिनिअर तसे कमीच. त्यामुळे ते बोलायला उभे राहिले की व्होल्ट आणि मेगावॅटची भाषा येते, आणि खांबावर चढणाऱ्या बापाचा उल्लेखही अधूनमधून येतो.

स्वच्छ ऊर्जेबद्दल त्यांचं म्हणणं काय?

त्यांचा विचार दोन टोकांनी धरता येतो : घर आणि तार.

घराचं टोक असं. अमेरिकन कुटुंबाचा धूर चार यंत्रांतून निघतो : गाडी, पाणी तापवायचा बंब, स्वयंपाकाची शेगडी आणि हिवाळ्यात घर उबदार ठेवणारी भट्टी. ही यंत्रं दहा-पंधरा वर्षांनी एकदाच बदलली जातात. बंब बिघडतो तेव्हा घरमालक घाईत असतो आणि दुकानात जे तयार मिळेल ते घेऊन येतो. त्या एका दिवशी विजेवर चालणारं यंत्र स्वस्त पडलं पाहिजे, नाहीतर पुढची पंधरा वर्षं पुन्हा वायूच जळणार, हा त्यांचा मुद्दा. २०२१ साली त्यांनी घरगुती यंत्रांना सवलत देणारं विधेयक आणलं. त्याचा गाभा २०२२च्या हवामानविषयक मोठ्या कायद्यात गेला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला हीट पंपासाठी ८,००० डॉलरपर्यंत आणि एकूण १४,००० डॉलरपर्यंत सूट अशी ती योजना. तीत २२.५ कोटी डॉलर आदिवासी राष्ट्रांसाठी वेगळे काढून ठेवले होते.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. त्याची चर्चा फारशी होत नाही, पण आदिवासींसाठी ते फार कामाचं ठरलं. अमेरिकेत सौर प्रकल्पाला सरकारी मदत मिळते ती बहुधा करसवलतीच्या रूपाने. आता आदिवासी सरकार प्राप्तिकर भरतच नाही, तर त्याला सवलत कशात देणार? त्यामुळे इतकी वर्षं एखाद्या जमातीला आपल्याच जमिनीवर सौरपट्ट्या बसवायच्या तर कर भरणारी बाहेरची कंपनी भागीदार म्हणून घ्यावी लागे आणि नफ्याची मलई तिच्याकडे जाई. या कलमाने ही रक्कम थेट रोख मिळण्याची सोय झाली. जमात स्वतः मालक होऊ शकली.

तारेचं टोक याहून अवघड. वारा असतो माळरानावर आणि वीज लागते शहराला. मध्ये शेकडो किलोमीटरची वाहिनी लागते आणि तिच्या परवानग्यांत आयुष्य जातं. परवाने लवकर मिळावेत, उच्चदाबाच्या वाहिन्या वाढाव्यात, हा हाइनरिक यांचा जुना आग्रह आहे. त्यांच्या पक्षातल्या पर्यावरणवाद्यांना हा सूर नेहमीच पटतो असं नाही.

जुलै २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या मोठ्या कर-कायद्याने पवन आणि सौर ऊर्जेच्या सवलती आखडून घेतल्या. हाइनरिक यांनी विरोधात मत दिलं. त्यांचा युक्तिवाद सरळ हिशेबाचा होता : डेटा सेंटरमुळे विजेची मागणी वाढते आहे, सगळ्यात लवकर उभी राहणारी वीज सौर आणि पवनच, तिची वाट अडवली तर बिल ग्राहकाच्याच माथी येणार.

विज्ञानाबद्दल काय भूमिका?

इथे दोन गोष्टी सांगतो. एक उजेडाची, एक सावलीची.

२०१४ साली नासा आणि मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या जुन्या नोंदी तपासल्या. न्यू मेक्सिको, अॅरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एका बिंदूत मिळतात, तिथल्या आकाशात त्यांना मिथेनचा प्रचंड डाग दिसला. विस्तार सुमारे २,५०० चौरस मैल. मिथेन डोळ्यांना दिसत नाही आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. पुढे विमानातून मोजमाप झालं. अडीचशेच्या वर गळत्या सापडल्या : विहिरी, टाक्या, नळजोड, कोळशाच्या खाणीचं वायुवीजन. त्यातही निम्मा वायू जेमतेम एक-दशांश ठिकाणांहून निघत होता. म्हणजे सगळ्या विहिरींना वेठीस धरायची गरज नव्हती, मोठ्या गळत्या शोधून व्हॉल्व्ह बदलले तरी बरंच भागणार होतं. अशी गळती शोधून बुजवण्याचे नियम ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत सैल केले गेले. ते परत आणण्याचा ठराव सिनेटमध्ये हाइनरिक यांनी मांडला, एप्रिल २०२१ मध्ये तो ५२ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाला आणि जूनअखेर त्यावर बायडेन यांची सही झाली. मोजमापाने धोरणाचं बोट धरलं, असं उदाहरण राजकारणात रोज मिळत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरही ते सिनेटमध्ये लवकर बोलू लागले. २०१९ साली रिपब्लिकन पक्षाच्या रॉब पोर्टमन यांच्याबरोबर त्यांनी या विषयाचा सर्वपक्षीय गट सुरू केला. प्रचंड संगणनशक्ती मोजक्या कंपन्यांकडेच न राहता विद्यापीठांतल्या संशोधकांनाही मिळावी, यासाठीचं विधेयकही त्यांच्या नावावर आहे.

आता सावली. न्यू मेक्सिकोतल्या विज्ञानाचा पाया बाँबचा आहे. लॉस अलामोस ज्या पठारावर उभं राहिलं ती सॅन इल्डेफोन्सो पुएब्लोच्या पूर्वजांची भूमी. १६ जुलै १९४५ रोजी याच राज्यात ट्रिनिटी इथे जगातला पहिला अणुस्फोट झाला. पुढे शीतयुद्धात नवाहो भूमीतून सुमारे तीन कोटी टन युरेनियम खनिज काढलं गेलं. खाणीत उतरणाऱ्या नवाहो माणसाला ना मुखवटा, ना धोक्याची कल्पना. अंगावरची धूळ घेऊन तो घरी यायचा आणि कपडे घरातच धुतले जायचे. १६ जुलै १९७९ रोजी, ट्रिनिटीच्या बरोबर ३४ वर्षांनी, चर्च रॉक इथल्या युरेनियम गिरणीचा गाळबांध फुटला आणि किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. त्या नदीवर नवाहो माणसं मेंढ्यांना पाणी पाजत. बंद पडलेल्या पाचशेहून जास्त युरेनियम खाणी नवाहो भूमीवर अजून आहेत. २००५ साली नवाहो राष्ट्राने स्वतःच्या कायद्याने युरेनियम खाणकामावर बंदी घातली.

१९९० साली किरणोत्सारबाधितांना भरपाई देणारा कायदा झाला, पण पहिला स्फोट जिथे झाला त्या ट्रिनिटीच्या आसपासची माणसं त्यात नव्हती. १९७१ नंतरचे खाणकामगारही नव्हते. न्यू मेक्सिकोचे दुसरे सिनेटर बेन रे लुहान आणि हाइनरिक यांनी यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी भरपाई मिळाली कुठे? जुलै २०२५च्या त्याच कर-कायद्यात, ज्याने सौर आणि पवनच्या सवलती कापल्या! मिझुरीचे रिपब्लिकन सिनेटर जॉश हॉली यांनी ती कलमं आत घातली. ज्यांनी मागणी लावून धरली त्यांनाच एकूण कायद्याविरुद्ध मत द्यावं लागलं.

राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या निधीचा प्रश्न आला की हाइनरिक ठामपणे त्यांच्या बाजूने उभे असतात, आणि त्या निधीचा मोठा वाटा आजही अण्वस्त्रांचा आहे. हजारो नोकऱ्या त्यावर उभ्या आहेत, हे राजकारण समजण्यासारखं आहे. पण स्वच्छ विज्ञान आणि डागाळलेलं विज्ञान या राज्यात एकाच फाटकातून आत-बाहेर करतं, हे विसरून चालणार नाही.

आदिवासींसाठी काय केलं?

अकोमा पुएब्लो हे उंच खडकावर वसलेलं प्राचीन गाव. तिथल्या एका घरात चामड्याची एक ढाल होती. ती घरच्यांची मालमत्ता नव्हती. साऱ्या समाजाची पवित्र वस्तू, त्या घराकडे सांभाळायला दिलेली. विकण्याचा अधिकार कुणालाच नाही. १९७०च्या दशकात ती चोरीला गेली आणि २०१५ साली पॅरिसच्या एका लिलावाच्या सूचिपत्रात तिचं छायाचित्र झळकलं. पुढे अकोमाचे गव्हर्नर कर्ट रायली यांनी लिलाव थांबवण्यासाठी जाहीर आवाहन केलं. फ्रान्सची अडचण अशी की अशा वस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा स्पष्ट कायदा खुद्द अमेरिकेतच नव्हता. घरमालकानेच कुलूप लावलेलं नाही, तर शेजाऱ्याने चोर का धरावा?

२०१६ मध्ये ढाल लिलावातून मागे घेतली गेली, नोव्हेंबर २०१९ मध्ये परत आली. कुलूप मात्र २०२२च्या डिसेंबरात बसलं. हाइनरिक यांनी २०१६ साली मांडलेल्या आणि पुढे अलास्काच्या रिपब्लिकन लिसा मर्कोव्स्की यांच्या साथीने नेटाने लावून धरलेल्या विधेयकाचा कायदा झाला. आदिवासींचा पवित्र वारसा बेकायदा मिळवून परदेशी पाठवणं त्याने गुन्हा ठरवलं. विधेयकापासून कायद्यापर्यंत सहा वर्षं.

दुसरं प्रकरण याच राज्यातल्या चाको खोऱ्याचं. हजार वर्षांपूर्वीची दगडी महाघरं असलेलं हे ठिकाण १९८७ पासून जागतिक वारसा आहे आणि त्याच्या भोवती तेल आणि वायूचे पट्टे. चाकोभोवती दहा मैलांत नवे पट्टे नकोत, यासाठीच्या विधेयकांवर हाइनरिक यांचं नाव आहे. जून २०२३ मध्ये हालंड यांच्या खात्याने २० वर्षांची तशी बंदी घातली. अकोमा आणि लगूना पुएब्लो खूश झाले. पण त्या पट्ट्यात काही नवाहो कुटुंबांच्या खासगी वाट्याच्या जमिनी आहेत आणि तेलाच्या स्वामित्वशुल्कावर त्यांचं घर चालतं. नवाहो राष्ट्राने बंदीविरुद्ध जानेवारी २०२५ मध्ये कोर्ट गाठलं. ‘आदिवासींची बाजू’ एकच असते असं आपण दुरून धरून चालतो. जवळ गेलं की तीत चुलतभावांचं भांडण निघतं.

आणि आड येतात ते कुठे?

सनझिया नावाची वाहिनी हे त्याचं चोख उत्तर. मध्य न्यू मेक्सिकोच्या माळावर साडेतीन हजार मेगावॅटच्या पवनचक्क्या आणि तिथून अॅरिझोनापर्यंत सुमारे ५५० मैलांची एकदिश प्रवाहाची वाहिनी. वीज पुढे कॅलिफोर्नियापर्यंत नेण्यासाठी. तिकडे सूर्य मावळला की इथला वारा जोर धरतो, त्यामुळे दोन्ही राज्यांचं गणित जुळतं. २००६च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पाचं बांधकाम सुरू व्हायला २०२३ उजाडलं. मध्ये क्षेपणास्त्र चाचणीक्षेत्रामुळे लष्कराने हरकत घेतली होती. हाइनरिक या वाहिनीचे जुने पाठीराखे. लष्कराची हरकत आली तेव्हा मार्गात फेरफार झाला.

हरकत आदिवासींनीही घेतली होती. अॅरिझोनातल्या सॅन पेद्रो नदीच्या खोऱ्यातून वाहिनीचा सुमारे ५० मैलांचा टप्पा जातो. तोहोनो ओओधाम आणि सॅन कार्लोस अपाची यांच्यासाठी हे सारं खोरंच पूर्वजांचं : वस्त्या, दफनभूमी, विधींच्या जागा. सरकारने एकेक अवशेष मोजला, अख्ख्या खोऱ्याचं महत्त्व मोजलं नाही. आणि विचारलं तेव्हा मार्ग ठरून गेला होता, अशी त्यांची तक्रार. जानेवारी २०२४ मध्ये ते कोर्टात गेले, खालच्या कोर्टात हरले. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला : १९६६च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्यानुसार नीट सल्लामसलत झाली नाही, या दाव्यात तथ्य असू शकतं, तो ऐकला पाहिजे. तोवर खोऱ्यात मनोरे उभे राहत होते.

वास्तविक तारेला विरोध करणारे हे लोक विजेचे शत्रू नाहीत. शेजारच्या नवाहो राष्ट्राकडे पाहा. तिथे पेज गावाजवळ २,२५० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र अर्धशतकाजवळ चाललं आणि २०१९ मध्ये बंद झालं. त्याची वीज वाळवंटातल्या कालव्याचे पंप आणि दूरची शहरं चालवत राहिली, पण नवाहो भूमीवरची दहा हजारांहून अधिक घरं आजही विजेच्या जोडणीविना आहेत. नवाहो वीजमंडळाच्या मदतीला दरवर्षी दुसऱ्या गावांतले लाइनमन येतात आणि खांब रोवून एकेक घर जोडून देतात. डोक्यावरून गेलेल्या तारेचा अनुभव असलेल्यांनी पुढच्या तारेकडे संशयाने पाहिलं, तर नवल कसलं?

हाइनरिक यांच्याबद्दल माझं मत विचाराल तर असं : यंत्राचा प्रश्न त्यांना उत्तम समजतो आणि आदिवासींवरच्या अन्यायाची भरपाई करण्यात ते प्रामाणिक आहेत. पण ढाल, युरेनियमची भरपाई, चाकोची बंदी हे सगळे उपाय नुकसान झाल्यानंतरचे. स्वच्छ ऊर्जेने पहिल्यांदाच अशी संधी दिली की नुकसान होण्याआधी विचारावं. सनझियात लष्करासाठी मार्ग सरकला, खोऱ्यासाठी सरकला नाही. परवाने लवकर हवेत हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण वेळ वाचवायचा तर आदिवासींना आधी विचारूनच वाचतो, नंतर विचारलं की तो कोर्टात जातो. हे वाक्य त्यांच्या पक्षाने अजून पुरतं मनावर घेतलेलं दिसत नाही.

जाता जाता, तुमच्या साक्रीबद्दल

तुमच्या तालुक्याचा काही भाग पाचव्या अनुसूचीत येतो. १९९६च्या पेसा कायद्याने तिथे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत सक्तीची आहे, २०१३च्या भूसंपादन कायद्याने तर संमतीच लागते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायची असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ आहे. कागदावर आपले कायदे अमेरिकेपेक्षा कमी नाहीत, काही बाबतीत जास्तच आहेत. पुढच्या वेळी तुमच्या भागात वाहिनी किंवा प्रकल्प येईल, तेव्हा आमदारांना भाषणाऐवजी दोन तारखा विचारा : ग्रामसभेचा ठराव कधीचा आणि मार्गाचा नकाशा कधीचा. नकाशाची तारीख आधीची निघाली, तर ग्रामसभेला काय आणि किती विचारलं, हा पुढचा प्रश्न तुम्हाला सुचेलच.